पुढे केलेले पाय

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, ज्याला ख्रिस्ती परंपरेत पवित्र गुरुवार म्हणतात, संध्याकाळच्या मिस्सेत कॅथलिक चर्चमध्ये एक छोटासा विधी होतो. वेदीसमोर मांडलेल्या बाकावर धर्मग्रामातील काही जण, बहुधा बारा, एकेक पाय उघडा करून बसतात. धर्मगुरू अंगावरचा जरीचा झगा उतरवून ठेवतात, कमरेला पांढरा पंचा बांधतात आणि गुडघ्यांवर येऊन त्या पायांवर पाणी ओततात, ते पुसतात, कित्येक ठिकाणी त्यांचे चुंबनही घेतात. या विधीला पादक्षालन म्हणजे पाय धुणे असे म्हणतात. तो नीट न्याहाळणाऱ्याच्या लक्षात येते की, अधिक अवघडलेले असतात ते बाकावर बसलेले लोक. धुणाऱ्याच्या हालचालीत वर्षानुवर्षांचा सराव असतो, पाय पुढे करणाऱ्याच्या आखडलेल्या बोटांत मात्र संकोच दिसतो. घरून पाय स्वच्छ करून आलेला माणूसही त्या क्षणी पाऊल किंचित मागे घेतो. सेवेविषयी ख्रिस्ती धर्माने जे सांगितले आहे त्याचा अर्धा भाग गुडघ्यांवर बसलेल्या माणसाकडे पाहून कळतो. उरलेला, आणि बहुधा अधिक अवघड, भाग त्या मागे घेतलेल्या पावलात आहे.

या विधीचे मूळ योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. पहिली तीन शुभवर्तमाने ज्या रात्रीच्या भोजनात भाकर आणि द्राक्षारसाच्या प्रसादाची स्थापना झाल्याचे सांगतात, त्या रात्रीच्या कथनात योहान ती स्थापना सांगतच नाही. तिच्या जागी तो येशूला भोजनावरून उठवतो, बाह्यवस्त्रे काढायला लावतो, कमरेला रुमाल बांधतो आणि गंगाळात पाणी ओतायला लावतो. उघड्या वहाणांनी धुळीच्या वाटा तुडवणाऱ्या त्या समाजात पाहुण्याचे पाय धुणे ही नित्याची गोष्ट होती, पण ती करायची कोणी हेही तितकेच ठरलेले होते. हे काम इतके हलके समजले जाई की, एका जुन्या ज्यू भाष्यात आपल्याच वंशातील गुलामाला तरी ते करायला लावू नये असे बजावले आहे. लूकचे शुभवर्तमान याच भोजनाच्या वेळचा एक प्रसंग नोंदवते, तो येथे आठवावा: शिष्यांमध्ये आपल्यात मोठा कोण यावरून वाद चालला होता. त्याआधी याकोब आणि योहान या दोघा भावांनी येणाऱ्या राज्यात उजवी-डावी आसने मागून घेण्याचा प्रयत्न केला होता, आणि बाकीचे दहा जण त्यांच्यावर रागावले होते, कारण उघडच तीच आसने त्यांनाही हवी होती. गंगाळ आणि रुमाल खोलीत असूनही पाणी ओतायला कोणी उठले नसेल, तर ते याच हिशेबामुळे.

स्वार्थ म्हटला की पैसा, हाव, दुसऱ्याच्या वाट्यावर मारलेला हात असे चित्र डोळ्यांपुढे येते. ख्रिस्ती विचारवंतांनी मात्र त्याची मुळे याहून खोल शोधली. चौथ्या-पाचव्या शतकातील संत ऑगस्टिनच्या मते सर्व पापांच्या तळाशी गर्व असतो, आणि पुढे सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने रोमकरांस पत्रावरील आपल्या व्याख्यानांत पापी माणसाचे वर्णन स्वतःकडे वाकलेला माणूस असे केले. असा माणूस जगातील प्रत्येक वस्तू, प्रत्येक नाते, इतकेच काय पण देवसुद्धा स्वतःच्या उपयोगासाठी स्वतःकडे वळवून घेतो. या वर्णनाची धार अशी की, त्यातून सत्कृत्येही सुटत नाहीत. दान करणारा हात बाहेर पसरलेला असला तरी मन आतल्या दिशेने वाकलेले असू शकते. आपण देणारे आहोत, समोरचा घेणारा आहे, ही उंची प्रत्येक दानागणिक थोडी वाढत जाते आणि दात्याला ती जाणवतही नाही.

म्हणूनच शिष्य पेत्राचा नकार हा या प्रसंगाचा गाभा ठरतो. गुरूने आपले पाय धुवावेत ही कल्पनाच त्याला सहन होत नाही, तो ठाम नकार देतो, आणि त्याला उत्तर मिळते ते असे की, धुवून घेतले नाहीस तर माझ्याशी तुझा वाटा उरणार नाही. त्यावर तो दुसऱ्या टोकाला जाऊन हात आणि डोकेही पुढे करतो. वरवर पाहता पेत्राचा नकार ही नम्रताच आहे; गुरूचा मान राखणारा शिष्य असेच वागेल. पण त्या नम्रतेत एक गणित दडलेले आहे: वरचा वरच राहिला पाहिजे, म्हणजे उद्या शिडीवर मिळणारी आपली पायरीही शाबूत राहील. गुरूच खाली बसला, तर शिष्याला चढायला वरची जागाच उरत नाही. शिवाय दुसऱ्याकडून काही घेताना माणूस जितका उघडा पडतो तितका देताना पडत नाही. धुळीने माखलेली, भेगा पडलेली, वास येणारी पावले दुसऱ्याच्या हाती सोपवणे म्हणजे आपली गरज कबूल करणे होय, आणि स्वावलंबनाचा अभिमान ही स्वार्थाची सर्वांत सभ्य जात आहे.

योहानाच्या मांडणीत याला एक पूर्वपीठिका आहे, तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. बाराव्या अध्यायात, म्हणजे या भोजनाच्या थोडेच दिवस आधी, बेथानी गावी मरिया नावाची स्त्री मौल्यवान सुगंधी तेलाने येशूच्या पायांना अभ्यंग करते आणि आपल्या केसांनी ते पुसते. तेव्हा शिष्यांपैकी यहूदा इस्कर्योत विचारतो की, हे तेल तीनशे दीनारांना विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत. सेवेच्या नावाने केलेली ही तक्रार किती ओळखीची वाटते! येशू मात्र पाय मागे घेत नाही. ज्याने पुढे इतरांचे पाय धुतले, त्याने आधी स्वतःचे पाय दुसऱ्याच्या हाती दिले होते, आणि तेही एका स्त्रीच्या, लोकांच्या नजरेदेखत. त्या रात्री धुतलेल्या पायांमध्ये त्याच यहूदाचे पायही होते; त्याच्या हातून होणारा विश्वासघात ठरलेला होता, धुणाऱ्याला तो माहीत होता, तरी रांगेतून त्याला वगळले गेले नाही. सेवेला पात्रतेची अट न लावण्याचा उपदेश पुष्कळांनी केला आहे, पण त्याचे इतके कठोर उदाहरण क्वचितच सापडते.

मराठी मनाला पायांचे महत्त्व वेगळ्या वाटांनी परिचित आहे. येथे गुरूचे पाय शिष्य धुतो, लग्नात वराचे पाय वधूचे आईवडील धुतात, पाद्यपूजेतील पाणी तीर्थ म्हणून घेतले जाते. पाण्याचा प्रवाह नेहमी खालच्याच्या हातून वरच्याच्या पायांकडे जातो. या उतरंडीला छेद देणारी मोठी रीत वारकऱ्यांनी घालून दिली. वारीच्या वाटेवर माउली म्हणत एकमेकांच्या पाया पडणारे दोन वारकरी वय, जात, विद्या यांचा विचार करीत नाहीत, आणि दोघेही वाकल्यामुळे कोणीच वर उरत नाही. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोहोचले असे स्वतः मानीत, त्याचा अर्थ या रीतीच्या उजेडात अधिक स्पष्ट होतो. ख्रिस्ती प्रसंगाचा भर मात्र किंचित निराळा आहे. वारकरी समोरच्यात विठ्ठल पाहून वाकतो. योहानाच्या कथनात ज्याला प्रभू म्हटले जाते तोच वाकतो, आणि देवाचे देवपण कसे असते हे त्या वाकण्यातून दिसते असा त्या कथेचा दावा आहे. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातील केनोसिस, म्हणजे स्वतःला रिते करणे, ही संकल्पना हेच सांगते: ख्रिस्ताने देवाच्या बरोबरीचे स्थान घट्ट धरून ठेवले नाही, त्याने स्वतःला रिते केले आणि दासाचे रूप घेतले.

इतक्या उलथापालथ करणाऱ्या कृतीचा विधी झाला की ती हळूहळू निरुपद्रवी होते. युरोपातील राजांनी पवित्र गुरुवारी गरिबांचे पाय धुण्याची प्रथा शतकानुशतके पाळली. व्हिएन्नाच्या राजवाड्यात सम्राट फ्रान्झ योझेफ दरवर्षी बारा वृद्ध गरिबांचे पाय धूत असे. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीनंतर राजाने पाय धुणे बंद झाले आणि त्या दिवशी वाटायची नाणी तेवढी उरली. समारंभ संपला की सम्राट सिंहासनावर परतत असे आणि म्हातारे आपापल्या खोपटात. तरीही विधीला निव्वळ पोकळ म्हणणे अन्यायाचे होईल, कारण तो स्मृती जिवंत ठेवतो आणि स्मृती कधी कधी अनपेक्षितपणे जागी होते. २०१३ च्या पवित्र गुरुवारी पोप फ्रान्सिस यांनी रोममधील बालगुन्हेगारांच्या कोठडीत जाऊन तेथील मुलामुलींचे पाय धुतले, त्यांत मुसलमानही होते. तोवर नियमानुसार या विधीत फक्त पुरुष बसत. २०१६ मध्ये नियम बदलला आणि स्त्रियांनाही त्या बाकावर अधिकृत जागा मिळाली.

विधीला दिनचर्येत मुरवण्याचा सर्वांत शहाणा प्रयत्न कदाचित सहाव्या शतकात झाला. इटलीतील संत बेनेडिक्ट याने मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या आहेतच, पण त्याहून मोलाचे आहे ते स्वयंपाकघराचे प्रकरण. मठातील सर्वांनी आळीपाळीने आठवडाभर स्वयंपाकघरात राबावे, आजारी किंवा खरोखरच मोठ्या कामात गुंतलेल्यांखेरीज कोणाला सूट नसावी, शनिवारी पाळी संपवणाऱ्याने सर्वांचे पंचे धुवावेत, भांडी स्वच्छ आणि शाबूत परत करावीत, आणि पाळी संपवणारा व सुरू करणारा अशा दोघांनी मिळून सर्वांचे पाय धुवावेत, असे तो सांगतो. यातली आळीपाळी महत्त्वाची आहे. आज वाढणारा उद्या पंगतीत बसणार, आज पाय धुणारा पुढच्या शनिवारी पाय पुढे करणार. त्यामुळे सेवा हा कोणाचा कायमचा मोठेपणा होत नाही आणि कोणाच्या कपाळी लिहिलेला कमीपणाही होत नाही.

जेथे स्वयंपाकघर हीच जातीची सर्वांत भक्कम भिंत होती, त्या महाराष्ट्रात ही गोष्ट किती दूरवर जाऊ शकते हे पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसते. १८५८ साली संस्कृत पंडिताच्या घरी जन्मलेल्या रमाबाईंनी दुष्काळात आईवडील गमावले होते, भावासोबत उपाशीपोटी पायी देश पालथा घातला होता, आणि नंतर कलकत्त्याच्या विद्वानांकडून पंडिता व सरस्वती या पदव्या मिळवल्या होत्या. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनजवळच्या फुलम येथे समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती भगिनी चालवीत असलेले घर त्यांनी पाहिले, आणि तेथेच योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांच्या मनात उतरली. त्या कथेतही एक लक्षणीय गोष्ट आहे: विहिरीवर आलेल्या, ज्यूंनी तुच्छ मानलेल्या स्त्रीशी येशूचे बोलणे सुरू होते ते तिच्याकडे पाणी मागून. पतितेचा उद्धार करायला आलेला माणूस पहिल्यांदा तिच्याकडून काही घेऊ पाहतो. रमाबाईंनी हे सूत्र ओळखले असावे, असे त्यांच्या पुढच्या कामावरून वाटते.

१८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले तेव्हा तेथील विधवांना आपापले सोवळे पाळण्याची मुभा होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, आणि तेथून आणलेल्या शेकडो मुलींसाठी पुण्याजवळ केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. त्या मुलींना दुष्काळाने जात न विचारता एकाच पातळीवर आणले होते. अंग खरजेने भरलेल्या, हाडांचा सापळा झालेल्या मुलींना न्हाऊ घालणे हेच तेथील पहिले काम असणार. भूक काय असते हे स्वतः जाणणाऱ्या बाईला त्यासाठी वेगळी करुणा शिकावी लागली नाही. मुक्तीची रचनाही बोलकी आहे. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना अशी कामे तेथील मुली आणि स्त्रियाच करीत, आणि जी काल आश्रयाला आली ती आज नव्या आलेलीला सांभाळी. रमाबाईंची कन्या मनोरमा यांनी ब्रेल लिपी शिकून अंध मुलींना शिकवण्याचा मार्ग उघडला.

रमाबाईंच्या नम्रतेचे सर्वांत मूक आणि सर्वांत अवघड काम मात्र कागदावर झाले. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले, आणि ज्या बाईला पुराणांचे श्लोक हजारोंच्या संख्येने मुखोद्गत होते, तिने संस्कृतप्रचुर प्रौढी जाणीवपूर्वक बाजूला ठेवून नुकतीच अक्षरओळख झालेल्या बायकांना कळेल अशी भाषा वापरण्याचा आग्रह धरला. विद्वानाला पैसा सोडणे त्या मानाने सोपे जाते. पांडित्य दिसू न देणे हे फार कठीण, कारण त्यात कोणी टाळ्या वाजवीत नाही आणि कित्येकदा लोक अडाणी समजतात. हे काम मृत्यूच्या अगदी जवळपर्यंत चालले. १९२२ साली रमाबाई वारल्या आणि मुक्तीतील स्त्रियांनी खिळे जुळवून छापलेले ते बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले.

ज्ञान हे आजच्या काळातले बाह्यवस्त्र आहे असे म्हटले, तर ते उतरवून ठेवण्याचे दुसरे उदाहरण नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडचे आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टर दांपत्य. सुरुवातीला वडाळा येथील मिशनच्या दवाखान्यात काम करताना त्यांच्या ध्यानात आले की, बरे होऊन गेलेले रुग्ण त्याच आजारांनी पुन्हा येतात आणि त्यांतले बरेचसे आजार मुळात टाळता येण्यासारखे आहेत. १९७० साली त्यांनी जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्याचा कणा ठरल्या गावोगावच्या आरोग्य सेविका. बहुतेक निरक्षर किंवा जेमतेम शिकलेल्या, कित्येक दलित, कित्येक टाकलेल्या किंवा विधवा. बाळंतपण, बाळाचे पोषण, ताप-जुलाब, क्षय आणि कुष्ठरोगाची लक्षणे हे सारे ज्ञान डॉक्टरांनी त्यांच्या हाती दिले. एकेकाळी जिच्या हातचे पाणी गाव पीत नसे, तिच्या हाती गावातली लेकरे जन्माला येऊ लागली. डॉक्टरांनी गरिबांवर उपचार करणे ही भली गोष्ट आहे, पण तिच्यात डॉक्टर डॉक्टरच राहतो. येथे डॉक्टरांनी आपल्यावाचून अडू नये अशी तजवीज केली, आणि आपण अपरिहार्य असल्याचे सुख सोडले. सेवाभावी माणसाच्या मनात सर्वांत शेवटपर्यंत टिकून राहणारा स्वार्थ बहुधा हाच असतो. या दोघांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण ज्या बायकांनी रात्री-अपरात्री कंदील घेऊन वस्त्या गाठल्या त्यांच्याकडूनही पुष्कळ शिकायला मिळाले, ही जाणीव त्यांच्या कामाच्या मांडणीतच होती. जर्मन धर्मचिंतक डिट्रिख बोनहोफर याने ख्रिस्ती सहजीवनावर लिहिलेल्या आणि १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या छोट्या पुस्तकात, एकमेकांची पहिली सेवा म्हणजे एकमेकांचे ऐकणे, असे मांडले होते. उपदेश करायला सदैव सिद्ध असलेल्या धार्मिक माणसांना हे पचायला कठीण जाते.

या सगळ्या थोर चरित्रांमधून एक अडचणीचा प्रश्न मात्र डोके वर काढत राहतो, आणि तो मराठीत सर्वांत प्रामाणिकपणे एका स्त्रीने लिहून ठेवला आहे. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांचा हात सढळ होता, घरात अनाथ मुले येत, विद्यार्थी आणि पाहुणे येत. बालकवी ठोंबऱ्यांसारखा कवी त्यांच्या घरचाच होऊन राहिला. हातात आलेले पैसे घरी पोहोचण्याआधीच गरजवंताच्या हाती जात, आणि पुढे १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली, कारण बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सर्व ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारा देवाचा दरबार त्यांना उभारायचा होता. १९१९ साली ते वारले तेव्हा तो दरबार नुकता कुठे आकाराला येत होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रामध्ये हे औदार्य पानोपानी आहे, आणि पानोपानी त्या औदार्याचा भार वाहणारी गृहिणीही आहे. डबे रिकामे असताना आलेल्यांना जेवू घालायचे ते तिने, सोवळ्यात वाढलेल्या मनाशी झगडून परजातीच्या मुलांना पोटाशी धरायचे ते तिने, नवऱ्याच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्याच्यापासून दूर राहण्याचे दुःख सोसायचे तेही तिने. तिने निवडलेली ही सेवा नव्हती. निदान सुरुवातीला तरी नव्हती. एकाचा निःस्वार्थीपणा दुसऱ्याच्या कष्टांवर उभा असतो, असे पुष्कळ घरांत आणि पुष्कळ संस्थांत घडत आले आहे, आणि चरित्रकारांची नजर सहसा दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात पोहोचत नाही.

लक्ष्मीबाईंनी याची तक्रार मांडली नाही, लपवूनही ठेवले नाही. त्या लिहितात ते प्रेमाने, त्यातल्या ओढाताणीसकट, आणि वाचकाला हळूहळू दिसत जाते की, पतीमागे फरफटत निघालेली एक भेदरलेली बाई कधीतरी आपल्या पायांनी चालू लागली आहे. ते नेमके कधी घडले हे पुस्तकातल्या कोणत्याही एका प्रसंगाकडे बोट दाखवून सांगता येत नाही. टिळकांच्या घरातली खरी सेवा कोणाची म्हणायची, देणाऱ्याची की राबणाऱ्या बाईची, की त्या घरात येऊन निःसंकोच जेवून, तिच्यावर हक्क सांगून तिला आई करणाऱ्या पोरक्या मुलांची, याचा निवाडा लक्ष्मीबाईंनी कोठेच केलेला नाही.